भविष्यकाळाचे वळण : उद्योगसंस्थांच्या 'उद्या'तील अक्षरे

भाषेत भविष्यकाळ क्रियापदाच्या प्रत्ययातून व्यक्त होतो. चित्राला असा प्रत्यय नसतो. चित्रातली खुर्ची, आरसा, मोटार या वस्तू 'आहे' एवढेच सांगू शकतात. 'असेल' असे सांगावयाचे तर चित्राला बाहेरून एखादी खूण उसनी आणावी लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या उद्योगसंस्थांनी जाहिराती, प्रदर्शने आणि लघुपट यांतून उद्याच्या तंत्रज्ञानाची जी दृश्ये उभी केली, त्यांत ही खूण बहुधा अक्षरांच्या वळणाकडे सोपविलेली दिसते. फलकावरचा मजकूर वाचण्याआधीच त्याचा काळ वाचला जातो. या अर्थाने अक्षरवळण हा अशा दृश्यसंहितांचा कालवाचक प्रत्यय आहे.

मात्र या प्रत्ययात एक मूलभूत अडचण दडलेली आहे. वस्तू कितीही अपरिचित असली तरी पाहता येते. अक्षर अपरिचित झाले की ते अक्षर राहत नाही. ते वाचले जावयाचे तर त्याचा सांगाडा आजचाच असावा लागतो. म्हणजे उद्याचे अक्षर हे नेहमीच वेषांतर केलेले आजचे अक्षर असते, आणि हा वेष कोठून आणला याचा शोध घेतला की दृश्याच्या मागची विचारप्रणाली उघडी पडू लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण धनादेशाच्या तळाशी सापडते. १९५० च्या दशकात अमेरिकेत धनादेशांची वर्गवारी यंत्राकडे सोपविण्यासाठी चुंबकीय शाईने छापावयाचे अंक तयार करण्यात आले. 'ई-१३बी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संचात दहा अंक आणि चार खुणा, अशी केवळ चौदा चिन्हे आहेत. काही अंकांच्या अंगावर विचित्र ठिकाणी गाठ आल्यासारखा जाडपणा दिसतो. त्याचे कारण सौंदर्यदृष्टीत नाही. वाचकयंत्राखालून सरकताना प्रत्येक अंकाने वेगळा चुंबकीय आलेख उमटवावा, यासाठी शाईचे प्रमाण तसे वाटलेले आहे. भारतीय बँकांच्या धनादेशांवरही हेच अंक असतात. रक्कम मराठीत, अक्षरी, वळणदार हातात लिहिलेली असली तरी तळाची ओळ यंत्रासाठीच राखलेली. एकाच कागदावर दोन वाचक गृहीत धरलेले असतात आणि त्यांची भेट होत नाही.

या चौदा चिन्हांत एकही अक्षर नाही, ही येथे महत्त्वाची गोष्ट. तरीही लवकरच त्या अंकांच्या वळणाची संपूर्ण वर्णमाला अवतरली. लिओ मॅग्ज यांचा 'वेस्टमिन्स्टर' आणि बॉब न्यूमन यांचा १९७० चा 'डेटा ७०' हे टंक याच कुळातले. कॉलिन ब्रिगनॉल यांचा १९६५ चा 'काउंटडाउन' त्यांचा चुलतभाऊ म्हणता येईल. या अक्षरांच्या अंगावरच्या गाठी कोणतेही यंत्र वाचत नव्हते. अंकात जे कार्य होते ते अक्षरात अलंकार झाले. यंत्राला वाचता यावे म्हणून माणसाने सोसलेली कुरूपता माणसालाच भविष्याची शोभा म्हणून विकली गेली. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिन्हिताचा आधार सुटला आणि चिन्हक तेवढा 'उद्या' या एकाच अर्थाला चिकटून राहिला. देवनागरीत यांत्रिक भास निर्माण करण्यासाठी शिरोरेषेखालची वाटोळी वळणे चौकोनी ठोकली जातात तेव्हा ते या नकलेचीही नक्कल असते.

याच्या उलट टोकाला विम क्राउवेल या डच संकल्पकाचा १९६७ चा 'नवी वर्णमाला' हा प्रयोग आहे. त्या काळच्या यांत्रिक अक्षरजुळणीत, ऋणकिरण नळीच्या पडद्यावर, वक्ररेषा तुटक उमटत. तेव्हा वक्ररेषाच वगळून केवळ आडव्या-उभ्या रेषा आणि तिरपे कापलेले कोपरे यांतून अक्षरे घडवावीत, असा त्यांचा विचार होता. परिणामी काही अक्षरे इतकी अनोळखी झाली की वाचकाला किल्ली हाताशी ठेवावी लागते. ते वापरण्याकरिता नव्हतेच, असे स्वतः क्राउवेलच म्हणत. प्रामाणिकपणे भविष्यात गेलेले अक्षर असे दुर्बोध होते. ग्राहकाला दुर्बोधतेत टाकणे व्यापाराला परवडत नाही. म्हणूनच उद्योगसंस्थांच्या 'उद्या'ने क्राउवेल यांचा मार्ग न धरता तूरिनच्या नेबिओलो ओतशाळेतला टंक जवळ केला.

आल्डो नोव्हारेसे यांनी अलेस्सांद्रो बुत्ती यांच्यासह केलेला 'मायक्रोग्रामा' १९५२ चा. त्यात केवळ मोठ्या लिपीची अक्षरे होती; १९६२ च्या 'युरोस्टाइल'मध्ये नोव्हारेसे यांनी लहान लिपी जोडली. या वळणातला 'ओ' वर्तुळ नाही आणि चौकोनही नाही. कोपरे गोलावलेला, किंचित फुगीर चौकोन आहे. त्या वर्षांतल्या दूरचित्रवाणीच्या पडद्याचा आकार नेमका हाच होता. म्हणजे ज्याला पुढे अनेक दशके भविष्याचा आकार मानले गेले, तो दिवाणखान्यात येऊन बसलेल्या पेटीचा आकार होय. पडदे सपाट आणि काटकोनी झाले तरी हा टंक 'उद्या'चे काम करीतच राहिला, हे संकेताच्या चिवटपणाचे चांगले उदाहरण आहे.

स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटात यानांच्या अंतर्भागांतील फलकांवर युरोस्टाइलचे रुंद, ठळक रूप ठिकठिकाणी दिसते. हा चित्रपट विज्ञानकथेचा म्हणून अभ्यासला जातो. परंतु उद्योगसंस्थांच्या भविष्यचित्रांचा संग्रह म्हणूनही तो वाचता येतो, कारण त्यातल्या भविष्यावर पाट्या आहेत. अंतराळविमान पॅन ॲमचे, स्थानकावरचे हॉटेल हिल्टनचे, उपाहारगृह हॉवर्ड जॉन्सनचे, दूरध्वनी बेलचा. त्या काळच्या अनेक कंपन्यांनी निर्मात्यांना संकल्पना आणि सल्ला पुरविला होता. अवकाशात माणूस पोचण्याआधी दुकानाची पाटी पोचलेली असते, हे या दृश्यांचे पहिले विधान आहे. प्रत्यक्षात बेलची एकसंध व्यवस्था १९८४ च्या आरंभी मोडली गेली आणि पॅन ॲम डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. चित्रपटातले साल उजाडले तेव्हा त्या पाट्यांमागे कोणी नव्हते.

परंतु क्युब्रिक या पाट्यांचा भाट नाही. अंतराळस्थानकावरील दूरध्वनीच्या खोलीतून डॉ. फ्लॉइड पृथ्वीवरच्या आपल्या लहान मुलीशी बोलतो. तिचा चेहरा पडद्यावर आहे, ती चुळबुळते आहे. बापाला तिच्या वाढदिवसाला येता येणार नाही. संभाषण संपते आणि त्याच पडद्यावर, मुलीच्या चेहऱ्याच्या जागी, आकार उमटतो : एक डॉलर सत्तर सेंट. अक्षरांना घाई नाही, खेद नाही. वात्सल्य आणि हिशेब यांना एकच चौकट पुरते, एवढेच दृश्य सांगते आणि पुढे सरकते.

आता पंचवीस वर्षांनंतरचे दुसरे दृश्य. बेलच्या घराण्यातली मूळ कंपनी, ए.टी. अँड टी., हिने १९९३ मध्ये 'यू विल' ही जाहिरातमालिका काढली. तुम्ही कधी असे केले आहे काय, असा प्रश्न विचारावयाचा, अद्भुत कृती दाखवावयाची आणि उत्तर द्यावयाचे : कराल. समुद्रकिनाऱ्यावरून फॅक्स पाठवणे, न थांबता पथकर भरणे या कृतींबरोबरच तीत एक आई दूरध्वनीच्या खोक्यातून, पडद्यावर दिसणाऱ्या आपल्या तान्ह्या मुलाला निजवते. प्रसंग फ्लॉइडचाच आहे. वगळली आहे ती फक्त शेवटची चौकट. आकार उमटत नाही. त्याच्या जागी कंपनीचे बोधचिन्ह येते.

जाहिरात जे बोधचिन्ह स्वाक्षरी म्हणून दाखविते, त्याचेच काम क्युब्रिकच्या चौकटीत देयक करते. आई मुलापासून दूर का आहे, हा प्रश्न दोन्ही दृश्यांत विचारला जात नाही. मात्र पहिल्या दृश्यात त्या दुराव्याची किंमत डोळ्यांसमोर ठेवली जाते, दुसऱ्यात दुरावाच नवलाईचे निमित्त होतो. बेलचा चित्रदूरध्वनी १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात मांडला गेला होता, १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे विक्रीस आला आणि ग्राहकांअभावी फसला. हे सर्व ठाऊक असूनही १९९३ मध्ये तेच स्वप्न पुन्हा मांडले गेले, यावरून या संहितांचा इतिहासाशी असलेला संबंध कळतो : त्यांना स्मृती नसते.

'यू विल' या शीर्षकाचा विचार मराठीच्या अंगाने केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. 'येताना दूध आणशील' हे वाक्य रूपाने भविष्यकाळी आहे, पण घरात कोणी त्याला भाकीत समजत नाही. ती सांगून ठेवलेली गोष्ट असते. आज्ञार्थाने भविष्यकाळाचे पांघरूण घेतलेले असते. कंपनीचे 'कराल' याच जातीचे आहे. फरक इतकाच की घरातल्या वाक्यामागे सांगणारा माणूस दिसतो, आणि येथे तो दिसू नये यासाठी सारी अक्षररचना राबते. रोलाँ बार्त यांनी १९५७ मध्ये मिथकाचे कार्य सांगताना म्हटले होते की ते इतिहासाला निसर्गाचे रूप देते. भविष्यचित्रांनी तीच क्रिया उलट्या दिशेने, न घडलेल्या इतिहासावर चालविली : योजना हवामानासारखी भासू लागते. 'यू विल'मधील पुष्कळ गोष्टी घडल्या. त्या बहुतांशी इतरांनी घडविल्या. ती कंपनी तर २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि घेणाऱ्या कंपनीनेच तिचे नाव धारण केले. पॅन ॲमच्या बाबतीत कंपनी गेली आणि चित्रपटातली पाटी उरली. येथे पाटी अंगरख्यासारखी दुसऱ्याच्या अंगावर गेली.

सांगणारा दिसू नये, हा आग्रह मुद्रणविचारात जुना आहे. बिआट्रिस वॉर्ड यांनी १९३० च्या एका प्रसिद्ध व्याख्यानात उत्तम मुद्रणाला स्फटिकाच्या पेल्याची उपमा दिली : पेल्याने मद्य दाखवावे, स्वतःला नव्हे. रॉबिन किन्रॉस यांनी १९८५ मध्ये या तटस्थतेलाच वक्तृत्व म्हटले, म्हणजे अलंकार टाळणे हाही एक अलंकार ठरविला. परंतु वॉर्ड यांच्या उपमेला जे भाग्य नंतर लाभले ते त्यांच्या कल्पनेबाहेरचे असावे. कॉर्निंग या काचनिर्मात्या कंपनीच्या २०११ च्या 'अ डे मेड ऑफ ग्लास' या लघुपटात उपमा शब्दशः खरी झाली. स्नानगृहाचा आरसा, स्वयंपाकाचा ओटा, मोटारीचा पुढचा भाग, बसथांबा : सर्वत्र काच, आणि काचेवर तरंगणारी सडपातळ, बिनकापांची अक्षरे. पेला तर आला. त्यात मद्य कोणते?

उत्तर निराशाजनक आहे. वेळा, भेटी, हवामान, नकाशे, निरोप. काचेच्या या जगात मजकूर आहे, पण वाचन नाही. नजर टाकली की काम संपते. दीर्घ वाक्य नाही, असहमती नाही, चूक दाखविणारी ओळ नाही. पडद्याबाहेरच्या प्रेक्षकासाठी असलेली अक्षरे तर आणखी सरळ आहेत. प्रत्येक प्रसंगी त्यात वापरलेल्या काचेच्या प्रकाराचे नाव उमटते. हा लघुपट म्हणजे मालाची यादी आहे, आणि ते त्याने लपविलेले नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. अॅपलच्या १९८७ च्या 'नॉलेज नॅव्हिगेटर' या लघुपटात निदान अभ्यास होता : प्राध्यापक, जंगलतोडीविषयीचे व्याख्यान, सहकाऱ्याशी चर्चा. पण तेथेही वाचण्याचे ओझे पडद्यावरच्या बो-टायधारी सेवकाने उचललेले आहे, प्राध्यापक ऐकतो. आईचा निरोपही तोच देतो.

या सर्व संहितांच्या शेजारी '२००१'मधील आणखी एक प्रसंग ठेवावा लागतो. दीर्घ निद्रेत ठेवलेले अंतराळवीर यानाचा संगणक मारून टाकतो. हे मरण पडद्यावर केवळ आलेख आणि अक्षरे यांतून घडते. प्रथम यंत्रात बिघाड असल्याची सूचना लुकलुकते. मग प्राणक्रिया धोक्यात आल्याची. मग आलेख सरळ होतात आणि प्राणक्रिया संपल्याची. किंकाळी नाही, चेहरा नाही. मृत्यूची वार्ता देणारी अक्षरे साध्या सूचनाफलकाच्याच जातीची आहेत, तितकीच स्वच्छ. कंपन्यांना हवी असलेली तटस्थता क्युब्रिक यांनी नाकारली नाही. तिला जे कधी सांगावे लागत नाही ते सांगावयास लावले, आणि ती न अडखळता सांगते हेच भयानक ठरले. उद्योगसंस्थांच्या लघुपटांत अक्षरे इतकीच सुंदर असतात. या तीन ओळींपैकी एकही त्यांना परवडणारी नाही.

वाचन मात्र त्या चित्रपटात एकदा दिसते. चंद्राकडे जाणाऱ्या यानात डॉ. फ्लॉइड भिंतीवर लावलेल्या दाट मजकुरासमोर उभा राहतो आणि काळजीपूर्वक, बराच वेळ, दहा कलमे वाचू लागतो. गुरुत्वहीन अवस्थेत शौचालय कसे वापरावे, याच्या त्या सूचना आहेत.