गुराख्याची टोपी

काही आवडी अशा असतात की त्या चारचौघांत सांगताना माणूस उगाचच घसा खाकरतो. नाट्यसंगीत आवडते हे अभिमानाने सांगता येते. तमाशा आवडतो हे आता प्रतिष्ठितांनाही सांगता येते. पण पन्नाशी उलटलेला, घरी जावई असलेला एखादा गृहस्थ जर म्हणाला, ‘‘मला रात्री दूरचित्रवाणीवर काऊबॉयचे चित्रपट पाहायला फार आवडतात,’’ तर ऐकणारा गालातल्या गालात हसतो. आणि हाच गृहस्थ रुंद काठांची टोपी, गळ्यात रुमाल, कमरेला जाड पट्टा आणि पायांत उंच बूट घालून आठवड्याच्या बाजारी अर्धापुरात उतरला, तर मग पाहावयासच नको! केळीच्या घडांचे सौदे थांबतील, नांदेड-नागपूर रस्त्यावरची गाडी जरा हळू होईल आणि पोरांची एक मिरवणूक त्याच्यामागे निघेल.

या हसण्याचे कारण काय? आक्षेप दोन घेतले जातात. पहिला असा की हे चित्रपट पोरकट. त्यांत घोडे, धूळ आणि ठो-ठो यांखेरीज काही नसते. दुसरा असा की हा वेष परका. आपल्या मातीशी त्याचा काय संबंध? दोन्ही आक्षेप वरवर बिनतोड वाटतात. परंतु जरा खोलात शिरले की दोन्हीही लटपटू लागतात.

पहिला आक्षेप आधी घेऊ. या चित्रपटांचे कथानक ठराविक असते हे खरे आहे. पण ठराविकपणा हा दोष मानला तर कीर्तन, गौळण आणि दशावतार यांनाही बाद करावे लागेल. तिथे प्रेक्षकाला पुढे काय होणार ते ठाऊकच असते. ते कसे होते, हे पाहण्यासाठी तो बसतो. अमेरिकेत १९५९ च्या सुमारास संध्याकाळच्या वेळी अशा पंचवीसहून अधिक मालिका चालू होत्या. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षे चालली. ‘बोनान्झा’ १९५९ पासून १९७३ पर्यंत टिकली. त्यात एक विधुर बाप आणि त्याचे तीन मुलगे एक मोठी जहागीर सांभाळतात. म्हणजे बंदुका बाजूला ठेवल्या तर ती एकत्र कुटुंबाची कथा आहे, आणि आपल्या घरांत ती आवडली तर त्यात नवल नाही.

या प्रकारातली उत्तम चित्रे पाहिली की त्यांचा गाभा उमजतो. ‘हाय नून’ (१९५२) मध्ये गावाचा फौजदार एकटा पडतो. गुंड दुपारच्या गाडीने येणार हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याने गाव सुरक्षित केले त्याच्या पाठीशी उभे राहण्याची वेळ येते तेव्हा प्रत्येकाला काही ना काही निमित्त सापडते. घड्याळाचा काटा पुढे सरकतो आणि माणसे मागे सरकतात. ‘शेन’ (१९५३) मध्ये एक अनोळखी घोडेस्वार एका शेतकऱ्याच्या घरी गडी म्हणून राहतो. पिस्तूल त्याने बाजूला ठेवले आहे. आपण कोण होतो हे त्याला विसरायचे आहे. पण सज्जनांवर प्रसंग गुदरतो तेव्हा ते पिस्तूल पुन्हा हातात घ्यावेच लागते, आणि ते घेतल्यावर त्या घरात राहण्याचा हक्क त्याला उरत नाही. हा प्रश्न पोरकट आहे काय?

आणि हा प्रश्न परका तरी आहे काय? विराटपर्व आठवून पाहा. राज्य गेलेले पाच भाऊ आणि त्यांची पत्नी वेष पालटून एका राजाच्या पदरी चाकरीला राहतात. सहदेव गाईंची निगा राखतो, नकुल घोड्यांची. सर्वांत मोठा धनुर्धर बृहन्नडा होऊन राजकन्येला नाच शिकवतो. शस्त्रे शमीच्या झाडावर लपवून ठेवलेली. मग काय घडते? गुरे पळवली जातात! दक्षिणेकडून त्रिगर्तांचा सुशर्मा येतो, उत्तरेकडून कौरव. घरातल्या बायकांपुढे बढाया मारणारा राजपुत्र उत्तर शत्रुसैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळू लागतो. आणि नृत्यशिक्षक त्याला पकडून शमीच्या झाडाकडे नेतो. त्या झाडावरून गांडीव खाली येते तो क्षण आणि शेनने पिस्तूल पुन्हा कमरेला बांधले तो क्षण, हे दोन्ही एकाच जातीचे क्षण आहेत. गोधन, ते लुटणारे, पडून राहिलेले शस्त्र आणि ओळख लपवलेला वीर. ही सगळी सामग्री आपल्या घरात शेकडो वर्षांपासून आहे. दसऱ्याला शमीची पूजा करून आपण सीमोल्लंघनाला निघतो तेव्हा त्याच कथेची आठवण जागवतो. फक्त तिला वेस्टर्न म्हणत नाही एवढेच.

पुराण झाले, आता दगड पाहा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत वेशीपाशी किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. शेंदूर लागलेले, निम्मे जमिनीत गेलेले. त्यांतल्या अनेकांवर कथा एकच आहे: गावाची गुरे लुटारूंनी वळवली आणि ती सोडवताना हा माणूस पडला. खालच्या चौकटीत तो पडलेला, शेजारी गाई. मधल्या चौकटीत लढाई. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, आणि अखेरीस तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. एकावर एक रचलेल्या या चौकटी चित्रपटाच्या पट्टीसारख्याच नाहीत काय? गुरांसाठी मेलेल्या माणसाची गोष्ट आपल्या शिल्पकारांनी टेक्सासच्या कितीतरी शतके आधी सांगून ठेवली आहे.

आता दुसरा आक्षेप: वेष. काऊबॉयच्या पोशाखात परके काय काय आहे ते एकदा झडती घेऊन पाहू. गळ्यातल्या रुमालाला इंग्रजीत बंडाना म्हणतात. हा शब्द आपल्या बांधणीच्या कापडावरून तिकडे गेला. जाडाभरडा कामाचा कपडा म्हणजे डंगरी. हे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. घोडा, दोरीचा फास आणि गुरे वळवण्याची सारी विद्या मेक्सिकोच्या गुराख्यांकडून घेतलेली. तात्पर्य, हा अस्सल अमेरिकन समजला जाणारा गडी डोक्यापासून पायांपर्यंत उसनवारीचा आहे. आणि त्या उसनवारीत आपलाही थोडा वाटा आहे.

शिवाय हा वेष मुळातच मिरवण्याचा आहे. टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत गुरांचे मोठाले कळप हाकीत नेण्याचा जो काळ, तो १८६६ पासून जेमतेम वीस वर्षांचा. १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले, माळरानांना कुंपणे पडली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात गुरे लाखांनी मेली, आणि तो धंदा बसला. खरा काऊबॉय महिना तीस-चाळीस डॉलरांवर राबणारा, कळपामागची धूळ खाणारा मजूर होता. त्यांच्यांत कृष्णवर्णीय होते, मेक्सिकन होते. पडद्यावर मात्र ते फारसे दिसत नाहीत. आणि गंमत अशी की कळप अजून चालत होते तेव्हाच, १८८३ मध्ये, बफेलो बिलने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ उभा केला आणि तोच पोशाख अंगावर चढवून खेळाडू गावोगाव फिरू लागले. १८८७ मध्ये तर इंग्लंडच्या राणीनेही तो खेळ पाहिला. म्हणजे काऊबॉयचे सोंग हे काऊबॉयइतकेच जुने आहे. बाजारात टोपी घालून उतरणारा गृहस्थ परंपरा मोडत नाही. तो परंपरा पाळतो!

आणि सोंगाचे वावडे मराठवाड्याला कधीपासून झाले? रायरंद आपल्या दारी फौजदार होऊन येई, खोटे वॉरंट वाचून दाखवी, घरधन्याला दरडावी आणि पायलीभर धान्य घेऊन हसत जाई. त्याला कोणी वेडा म्हटले नाही. नांदेडला होळीच्या दिवसांत हल्लाबोल निघतो. निळ्या वेषातले निहंग, शस्त्रे, धावणारे घोडे. सारे शहर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहते. लोहा तालुक्यातल्या माळेगावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. देव स्वतः घोड्यावर बसणारा. त्याच्या यात्रेत घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड. तिथे फेटा, मिशा आणि हातात लगाम घेऊन घोड्याची चाल दाखवणारा व्यापारी पाहावा. त्याचा डौल कोणत्याही नटाने शिकावा असा असतो. अशा मुलखात एका टोपीने कोणाचे काय बिघडते? वैशाखात पारा बेचाळिसाच्या वर जातो तेव्हा त्या टोपीचे काठ निदान सावली तरी देतील.

हिंदी चित्रपटाने हे केव्हाच ओळखले. ‘खोटे सिक्के’ (१९७४) आणि ‘काला सोना’ (१९७५) यांत फिरोज खान सरळसरळ काऊबॉय होऊनच आला. ‘शोले’ (१९७५) ने अधिक शहाणपणा केला. वेष थोडा, वृत्ती पुष्कळ. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत उभारलेले ते गाव, रेल्वेवरची चकमक, भाड्याने आणलेले दोन भुरटे आणि सूडाने पेटलेला ठाकूर. इटालियन दिग्दर्शक लिओने यांच्या १९६० नंतरच्या चित्रपटांचे ऋण त्यावर उघड दिसते. तरीही ती आपली गोष्ट वाटते. कारण तिच्यात मावशी आहे, टांगेवाली आहे, पाण्याच्या टाकीवरचा दारुडा आहे. अनुकरण पचले की ते अनुकरण उरत नाही, याचा हा उत्तम नमुना.

मात्र ‘शोले’त एक उणीव आहे, आणि ती माझ्या मते फार मोठी आहे. एवढ्या मोठ्या गावात गुरे राखणारा एकही महत्त्वाचा माणूस नाही. घोडे आले, बंदुका आल्या, जाड कपडे आले; ज्याच्या नावाने ही सगळी कला उभी राहिली तो गुराखी तेवढा बाहेर राहिला.

हे अपघाताने झाले असे मला वाटत नाही. ‘काऊबॉय’ या शब्दाचे मराठी भाषांतर करून पाहा. गुराखी. किंवा जरा गोड करायचे तर गोपाळ. गोपाळ म्हटले की आपण हात जोडतो. गोकुळाष्टमीला दहीहंडी फोडतो, काल्याचा प्रसाद खातो, मुलाचे नाव गोपाळ ठेवतो. आणि तोच मुलगा पाढे चुकला की गुरुजी ओरडतात, ‘‘जा, ढोरं राखायला जा!’’ एकाच कामाला देव्हाऱ्यात एक भाव आणि शाळेत दुसरा. लाल कंधारी आणि देवणी ही देखणी जनावरे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, ज्यांनी पावसात घोंगडीची खोळ करून आणि उन्हात बाभळीखाली बसून फडक्यातली भाकर खाल्ली, त्यांचे मराठी वाङ्मयात स्थान काय? गौळणीत पेंद्या येतो तो हसवायला. ग्रामीण कथेत गुराखी पोर येते ते बहुधा दया उत्पन्न करण्यासाठी. तो कथेचा धनी क्वचितच होतो.

अमेरिकेने नेमके उलटे केले. तिने आपल्या सर्वांत गरीब, अशिक्षित आणि धुळीने माखलेल्या मजुराला टोपी घातली, घोड्यावर बसवले आणि साऱ्या जगापुढे उभे केले. त्यात असत्य पुष्कळ होते. ज्यांची भूमी हिसकावली गेली त्या मूळ रहिवाशांना या चित्रपटांनी दीर्घकाळ केवळ किंकाळ्या फोडणारे शत्रू म्हणून रंगवले. हे पाप लहान नव्हे. न्याय म्हणजे ज्याचे पिस्तूल आधी सुटते त्याचा, ही शिकवणही घातक. डोळस रसिकाने हे दोष पाहिलेच पाहिजेत आणि शेजारी बसलेल्या नातवाला समजावूनही सांगितले पाहिजेत. पण दोष वजा जाता एक शिल्लक उरते: कष्टाच्या कामाला तिथे डौल मिळाला. ‘रॉहाइड’ (१९५९-१९६५) ही मालिका मला म्हणूनच इतरांहून सरस वाटते. क्लिंट ईस्टवुड तिच्यात तरुण गडी म्हणून दिसतो. तिच्यात गुरे खरोखर चालतात, पाणी शोधावे लागते, नदी ओलांडावी लागते. कळप सुखरूप पोचवणे हाच तिथला पराक्रम.

मराठीत या दिशेने कोणी पाहिलेच नाही असे नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. जंगल तोडून शेत करणारी आणि शेताचे गाव झालेले पाहणारी माणसे त्यांत आहेत. गोळीबाराचा गोंगाट त्यांत नाही. आहे ती जमिनीशी झुंज. ज्यांना वेस्टर्न म्हणजे नुसती मारामारी वाटते त्यांनी या दिवाळीच्या सुटीत ती तीन पुस्तके वाचावीत. आणि आपल्या जिल्ह्यात तर याहून अपूर्व गोष्ट घडली. कंधारचे भाई केशवराव धोंडगे यांनी लोहा तालुक्यात गुराखीगडावर गुराख्यांचे साहित्य संमेलन भरवले. २०२३ च्या पहिल्याच दिवशी भाई गेले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो. ज्याला शाळेने शिवी म्हणून वापरले त्या शब्दाला त्यांनी मंडपाच्या कमानीवर नेऊन बसवले. हॉलिवुडला जे टोपीने साधले ते त्यांनी व्यासपीठाने साधू पाहिले.

म्हणून अर्धापूरच्या बाजारात कोणी टोपीवाला दिसलाच, तर त्याला हसावे जरूर; सोंगाला हसू हीच पावती असते. पण हसून झाल्यावर त्याला चहा पाजावा आणि घोड्या-पिस्तुलांच्या गोष्टी त्याच्याकडून ऐकाव्यात. आणि त्याच वेळी बाजारच्या कडेने म्हशी वळवीत, काठी खांद्यावर आडवी टाकून जो पोरगा चालला असेल, त्याच्याकडेही जरा नजर टाकावी. त्याला टोपी नाही. कळप मात्र त्याचाच खरा आहे. त्याची गोष्ट एखाद्या मराठी लेखकाने, एखाद्या मराठी दिग्दर्शकाने अजून सांगायची आहे. आणि ती चांगली सांगितली गेली, तर टेक्सासमधले लोकही ती रात्री जागून पाहतील.