धावायचं की पाहायचं? पाणबुडीच्या खेळातला पेरिस्कोप

आज आपण एका संगणकीय खेळाची समीक्षा करणार आहोत. नाटक-कादंबरीची समीक्षा करायची आणि खेळाला मात्र ‘पोरांचा उद्योग’ म्हणून सोडून द्यायचं, हे आम्हाला पटत नाही. जो खेळ वास्तवाशी इमान राखल्याचा दावा करतो, त्याला त्या दाव्याचा जाब विचारला पाहिजे.

‘सायलेंट हंटर ३’ हा खेळ २००५ साली युबीसॉफ्टने आणला. त्यात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचे कप्तान असतो. सुरुवातीलाच वास्तवतेचे पर्याय निवडायचे: बॅटरी मर्यादित हवी का, इंधन मर्यादित हवं का, नेम स्वतः साधणार का. जितक्या खुणा कराल तितके टक्के वाढतात, पार शंभरापर्यंत. पण या यादीत एक खूण नाही, पेरिस्कोप आणि वेग यांच्या नात्याची. पाण्याखाली पूर्ण वेगाने जातानाही पेरिस्कोप वर ठेवून खुशाल पाहत राहता येतं.

प्रत्यक्षात काय होतं बघा. पेरिस्कोप म्हणजे पाण्यातून वर काढलेली लांब, बारीक नळी. पाण्याचा तिच्यावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन नॉटवरून सहा नॉटवर गेलात की वेग तिप्पट, पण जोर नऊपट! शिवाय नळीच्या मागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने डावी-उजवीकडे सुटतात आणि नळी थरथरू लागते. नळी १५ सेंटिमीटर जाडीची धरली, तर सहा नॉटला सेकंदाला साधारण चार हेलकावे. त्यातून सहापट मोठं करून पाहायचं म्हटलं, तर ती थरथरही सहापट मोठी होऊन डोळ्यांपुढे नाचणार. आणि पाण्यावर उमटणारी पांढरी फेसाची रेघ? ती शत्रूला लांबून दिसते. म्हणून जाणता कप्तान वेग उतरवायचा, काही सेकंद पाहायचा आणि नळी खाली घ्यायचा.

म्हणजे कप्तानापुढे पर्याय दोनच: धावा, नाहीतर पाहा. धावताना कानही कामाचे राहत नाहीत, कारण स्वतःच्याच यंत्रांच्या आणि पाण्याच्या आवाजात जलश्रवणयंत्र बधिर होतं. उरतं ते घड्याळ, नकाशा आणि हिशेब. आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचं, तर प्रत्यक्ष संपतं आणि अनुमान सुरू होतं. डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी, हे त्यांचं उदाहरण आपण पाठ करून बसलोय. पाणबुडीवाल्याचा धूर क्षितिजावर असतो, आणि त्यावरून जहाज कुठे जाईल ते त्याला ताडावं लागतं.

आता खेळाच्या काळाआधीचं, पहिल्या महायुद्धातलं एक उदाहरण घेऊ. ७ मे १९१५, आयर्लंडचा दक्षिण किनारा. यू-२० या जर्मन पाणबुडीचा कप्तान वाल्टर श्वीगर. त्याच्या नोंदवहीत आधी चार धुराडी आणि दोन डोलकाठ्या दिसल्याची नोंद आहे. ते जहाज म्हणजे लुसिटानिया, वेग सुमारे १८ नॉट. पाण्याखाली यू-२०चा कमाल वेग त्याच्या जेमतेम निम्मा. पाठलाग अशक्यच. मग जहाज वळलं आणि हल्ला शक्य झाला. पुढची जागा गाठण्यासाठी पाणबुडी वेगाने धावली, असं नोंदवही सांगते. नंतर सुमारे ७०० मीटरवरून एक टॉर्पेडो. सुमारे १,२०० माणसं गेली.

या माणसाचा न्याय कसा करायचा? त्याला काय दिसलं, त्याने काय ताडलं आणि त्यानंतर काय निवडलं, हे तीन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अखंड, स्थिर चित्र देणारा खेळ हे तिन्ही एकात कालवून टाकतो. खेळणाऱ्याला वाटतं, कप्तानाला सगळं दिसतच होतं. मग एक म्हणतो, हा राक्षस. दुसरा म्हणतो, वा, काय कौशल्य! दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते, की अपुऱ्या ज्ञानावर त्याने माणसं मारायचं ठरवलं. नैतिक जबाबदारीचं मूळ तिथे आहे.

कुणी म्हणेल, खेळ करमणुकीसाठी असतो. आंधळं होऊन बसण्यात कसली मजा? पण याच खेळात लोक डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढतात, घड्याळ लावून जहाजाचा वेग मोजतात, आणि तासन्‌तास रमतात. अनुमानाची गोडी त्यांना आहेच. रचनाकारांनी ती ओळखली, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मग वेग वाढला की चित्र थरथरू द्या, काचेवर पाणी येऊ द्या, फेसाची रेघ शत्रूला दिसू द्या. नळी मोडलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाही.

लाटा किती हुबेहूब रंगवल्या, यावर आपण वास्तवता मोजतो. आमच्या मते पाहण्याची किंमत खेळाने किती चोख वसूल केली, तेही मोजावं. त्या हिशेबात शंभर टक्क्यांचा हा दावा तोकडा पडतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.