‘एकच प्याला’ : प्याल्याआधींचें दुःख

मुरुड हें लातूर-बार्शी रस्त्यावरील बाजारपेठेचें गांव. येथें एका स्नेह्यांच्या घरीं चार कुटुंबें जमलीं असतां राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ आम्हीं नुकतेंच पुन्हां वाचलें. वाचन संपतांच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “पहिला प्याला घेतलाच नसता, तर सारें टळलें असतें!” हा अभिप्राय नवा नाहीं. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून प्रेक्षक बहुधा हाच बोध घेऊन घरीं गेले. नाटकाचें नांवही तोच सुचवितें. आमच्या मतें मात्र नाटककारानें याहून अधिक पाहिलें आहे.

सुधाकर हा चैनीसाठीं पिणारा नव्हे. तो बुद्धिमान व कमालीचा मानी वकील आहे. भर न्यायालयांत त्याचा अपमान होतो, सनद कांहीं काळ हिरावली जाते, आणि ती तळमळ असह्य झाली असतां तळीराम दुःखाचा विसर पाडणारें औषध म्हणून दारू पुढें करतो. मन आधीं दुखावलें, प्याला मागून आला. पुढें सुधाकर एकदां दारू सोडतोही. पण काम मागावयास गेला असतां प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. जखम तीच राहिली, म्हणून औषधही तेंच राहिलें.

आजचें वैद्यकशास्त्र हा क्रम चांगला ओळखतें. नैराश्य, चिंता, जुना मानसिक आघात यांनीं पीडलेला मनुष्य घटकाभर सुटकेसाठीं दारू घेतो. अंमल उतरतांच चिंता वाढते, झोप मोडते, लाज त्यांत भर घालते. मग पुन्हां प्याला. प्रत्येक व्यसनामागें मनोविकार असतोच असें नाहीं. आनुवंशिकता, संगत आणि दारूची सुलभता हींही कारणें आहेत. परंतु दोन्ही एकत्र असतां एकावरच उपचार करून भागत नाहीं. पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें, तें येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानेंही मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्था मनोविकाराच्या व्याख्येंत घेतल्या.

या दृष्टीनें पाहतां नाटकाचें उणें स्पष्ट दिसतें. रामलालचा उपदेश प्रामाणिक आहे, सिंधूचें सोसणें अलौकिक आहे. पण सुधाकराच्या मूळ दुःखावर इलाज कोणाकडेच नाहीं. सिंधू तर शेवटीं पतीचा अपराधही झांकते, आणि नाटककार तिला देवतेच्या आसनावर बसवितो. आमच्या घरांतून आजही व्यसन आणि मनोविकार दोन्ही असेच झांकले जातात. त्या झांकण्यास पातिव्रत्याचें तेज चढविणें, हा दोष आम्ही लहान मानीत नाहीं.

हें सारें बोलून झाल्यावर आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस विचारलें, “प्याल्याआधीं त्याला कोणी जवळ घेऊन विचारलें असतें तर?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझ्या धाकट्या भावाला आम्हीं शपथाच घातल्या. विचारलें कोणींच नाहीं.”

वाचकांनीं हें नाटक घरांत अवश्य वाचावें. मात्र पहिल्या अंकापाशीं थोडें थांबावें, आणि आपल्या घरांत असें मनांतल्या मनांत जळणारें कोणी आहे काय, हें पाहावें.