'द बॉक्स' वाचताना राहून गेलेला फलक

व्यापारावर संशोधन करायचं म्हटलं की मार्क लेविन्सनचं 'द बॉक्स' (2006) कुणीतरी हातात ठेवतंच. वाचाच. 26 एप्रिल 1956 ला 58 कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालेलं 'आयडियल-एक्स', सुटा माल चढवायला टनाला 5.83 डॉलर आणि कंटेनरनं जेमतेम 16 सेंट, हे तो गोष्टीसारखं सांगतो. कंटेनरची मापं ठरवतानाची भांडणं तर मी दोनदा वाचली.

माझी तक्रार इथेच सुरू होते. लेविन्सनला पेटीचं प्रमाणीकरण दिसतं, आतल्या मालाच्या ओळखीचं फारसं नाही. चोरटा माल, बॉम्ब यांचा ओझरता उल्लेख येतो, बस. घातक मालासाठी तर आयएमडीजी कोड नावाची वेगळी व्यवस्था आहे: नऊ वर्ग, चार आकडी यूएन नंबर, कंटेनरच्या चारही बाजूंना किमान 250 मिलिमीटरचे फलक.

आता फरक बघा. कोपऱ्याची जोडणी चुकीच्या मापाची असेल तर क्रेन ती उचलणारच नाही, चूक धक्क्यावरच कळते. फलक चुकीचा असेल, किंवा लावलाच नसेल, तर काहीच अडत नाही. सील तसंच राहतं, पेटी पुढे जाते. कारण फलक म्हणजे आत काय आहे ते नव्हे. माल पाठवणाऱ्यानं आत काय आहे म्हणून सांगितलं, ते. पेटी उघडावी लागत नाही म्हणूनच वाहतूक स्वस्त झाली, आणि म्हणूनच तपासणी विरळ. ही किंमत लेविन्सनच्या हिशेबात नाही.

तुम्ही मॅनिफेस्टचा डेटा वापरणार असाल तर हे तुमच्यावरही येतं. 25 मे 2025 ला कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' बुडालं. तटरक्षक दलानं सांगितलं: 640 कंटेनर, त्यात 13 घातक मालाचे आणि 12 कॅल्शियम कार्बाइडचे. कार्बाइड म्हणजे बंदी असूनही आंबे पिकवायला वापरतात तेच. पाणी लागलं की ज्वलनशील अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो. आयएमडीजीत ते वर्ग 4.3, म्हणजे स्वतःच घातक. मग हे 12 त्या 13 मधले, की वेगळे? एक्सेलच्या रकान्यात तुम्ही 13 लिहाल की 25?

मी आधी बिनधास्त 13 लिहिलं होतं.