परक्या घराचा उंबरठा

परक्या समाजाचें अंतरंग विद्यार्थ्यांस कसें उमगावें, हा प्रश्न साहित्य शिकविणाऱ्या प्रत्येकापुढें असतो. चित्रपट दाखवावा आणि चर्चेचीं सूत्रें विद्यार्थ्यांच्याच हातीं द्यावींत, असा उपाय पुष्कळ ठिकाणीं सुचविला जातो. तो स्तुत्य आहे. तथापि तो कितपत खोल जातो, याची पारख एखाद्या विशिष्ट कृतीवरच होऊं शकते. यासाठीं यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा 'टोकियो स्टोरी' हा जपानी चित्रपट घेऊं.

कथानक अगदीं साधें आहे. ओनोमिची या समुद्रकांठच्या गांवाहून एक वृद्ध दांपत्य टोकियोंतील मुलांकडे येतें. थोरला मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचें दुकान चालविणारी. दोघांनाही सवड नाहीं. आईबापांना अतामीच्या एका गजबजलेल्या उतारगृहांत धाडून तीं मोकळीं होतात. वेळ काढते ती युद्धांत नाहींशा झालेल्या मुलाची पत्नी नोरिको. घरीं परतल्यावर लवकरच आई वारते, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणांतच मुलगी तिचीं वस्त्रें आठवण म्हणून मागते. कोठेंही आक्रस्ताळेपणा नाहीं. कॅमेरासुद्धां चटईवर बसलेल्या माणसाप्रमाणें खालीं राहून शांतपणें पाहत असतो.

पहिल्या वर्षीं मीं आधीं व्याख्यान दिलें व मग चित्रपट दाखविला. चर्चेंत विद्यार्थ्यांनीं माझेंच बोलणें मला परत केलें. दोष माझा होता. पुढील वर्षीं मी मागच्या बांकावर बसलों. पहिला उद्गार आला, "हें तर आमचेंच घर!" कोणाचे काका अमेरिकेंत, कोणाची आजी गांवीं एकटी, वर्ग रंगला. मग एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सासरा सुनेला पुन्हा लग्न कर म्हणतो. इतका सुधारक तो कसा?" लगेच महर्षि कर्व्यांच्या १८९३ सालच्या पुनर्विवाहाचा दाखला निघाला.

या पद्धतीचें बळ व तिची मर्यादा, दोन्ही येथें दिसतात. व्याख्यानांतून हा प्रश्न कधींच निघाला नसता. परंतु माप मात्र आपलेंच होतें. आपल्याकडील उच्चवर्णीय समाजानें विधवेचा विवाह पाप ठरविला होता. त्यापायीं कर्व्यांना मुरूडला बहिष्कार सोसावा लागला. जपानांत तसा धर्मनिषेध नव्हता. त्या वृद्धाच्या शब्दांत बंड नाहीं, निखळ ममता आहे. शिवाय, १८९८ च्या जपानी कायद्यानें घराण्याची सत्ता व वारसा सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. ती व्यवस्था १९४७ च्या सुधारणेनें मोडली. चित्रपट त्यानंतर सहाच वर्षांनीं आला. मुलांच्या दुर्लक्षामागें कृतघ्नता असेल, पण एक संपूर्ण गृहव्यवस्था ढांसळत असल्याची खूणही आहे. हें न कळतां काढलेला 'आमचेंच घर' हा उद्गार अर्धसत्यच राहतो. परकें तें विचित्र मानणें ही जशी चूक, तशीच परकें तें सारें आपलेंच समजणें ही दुसरी चूक. आणि ती गोड असल्यामुळें अधिक फसवी.

म्हणून शिक्षकानें आधीं बोलूं नये, पण अखेरपर्यंत मौनही धरूं नये. प्रश्न विद्यार्थ्यांचा असावा. तो उभा राहिल्यावर त्याला लागणारी माहिती शिक्षकानें पुरवावी आणि कृतीकडे पुन्हा वळावें. त्याप्रमाणें मीं ही हकीकत सांगितली, आणि सासरा नोरिकोला पत्नीचें घड्याळ देतो तो प्रसंग आम्ही पुन्हा पाहिला. त्यांत ती कबूल करते, कीं आपण वाटतों तितक्या चांगल्या नाहीं. कित्येक दिवस पतीची आठवणही येत नाहीं. वसतिगृहांत राहणारा, एरवीं गप्प असणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, ती स्वतःला चांगली म्हणवून घ्यायला तयार नाहीं. आम्ही मात्र त्या मुलीला वाईट ठरवून मोकळे झालों."

हें वाक्य मीं शिकविलेलें नव्हतें, आणि पहिल्या उद्गारावरच वर्ग संपला असता तर तें निघालेंही नसतें. दुसऱ्याच्या घरांत शिरतांना उंबरठा ओलांडावा लागतो, याचें भान राहिलें तरच चित्रपट आणि चर्चा यांना शिक्षण हें नांव शोभेल.