पत्रा आणि छत यांच्यामधली हवा

बुर्किना फासोमधल्या गांदो गावच्या प्राथमिक शाळेचं छायाचित्र समोर आलं की नजर आधी छपरावर जाते. लांबलचक पत्रा, आणि खाली त्याच्या सावलीत उभ्या लालसर मातीच्या भिंती. पण पत्रा भिंतींना टेकलेलाच नाही. बारीक सळ्यांच्या कैच्यांवर तो अधांतरी तोललेला आहे आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून पलीकडचा उजेड दिसतो. आराखडे आणि छायाचित्रं पुन्हा पुन्हा पाहताना मी दर वेळी त्या पट्ट्यापाशीच येऊन थांबते. या वास्तूचं मर्म तिथे आहे.

वास्तुकार दिएबेदो फ्रान्सिस केरे याच गावचे, जन्म 1965 चा. गावात शाळा नव्हती म्हणून सातव्या वर्षी घर सोडून त्यांना तेनकोदोगोला जावं लागलं. तिथला वर्ग सिमेंटचा, कोंदट आणि तापलेला. शंभराहून जास्त मुलं त्यात कोंबलेली. पुढे ते सुतारकाम शिकायला जर्मनीत गेले आणि नंतर बर्लिनमध्ये वास्तुकलेकडे वळले. विद्यार्थी असतानाच पैसे गोळा करून त्यांनी गावासाठी ही शाळा बांधली. 2001 मध्ये ती पूर्ण झाली, 2004 मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये केरे प्रित्झकर पुरस्काराचे पहिले आफ्रिकी मानकरी ठरले.

शाळा मातीची होणार हे कळल्यावर गावकरी नाराज झाले. शिकून आलेला मुलगा सिमेंट-काचेचं काहीतरी बांधेल अशी त्यांची अपेक्षा. मातीची भिंत पावसाळ्यात टिकत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. मराठवाड्यात माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, ज्यांनी दिवस काढलेत, त्यांना उन्हाळ्यातला गारवा आठवतो तसंच पहिल्या पावसात घरभर ठेवलेली भांडीही आठवतात. दरवर्षी मृगाच्या आधी पांढरी माती आणायची, वर पसरायची, चोपायची. हे कष्ट करणारी माणसं घरात उरली नाहीत, तेव्हा माळवद उतरून स्लॅब पडला. मातीच्या घरांबद्दल हळहळताना हा हिशेब आपण फार सहज विसरतो.

केरे विसरले नाहीत. माती कुठे हरते हे त्यांनी आधी पाहिलं. ती पाण्यापुढे हरते. म्हणून त्यांनी स्थानिक मातीत थोडं सिमेंट मिसळून साच्यात दाबून विटा पाडल्या, आणि भिंतीवर पाऊस येऊच नये इतका पत्रा चारही बाजूंनी पुढे काढला. पण नुसत्या पत्र्याखाली मुलं बसवणं म्हणजे काय, हे एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या वर्गात बसलेल्या कुणालाही विचारावं. म्हणून पत्र्याच्या खाली दुसरं छत आलं. सळ्यांवर मातीच्याच विटा, मध्ये फटी सोडून रचलेल्या. वर्गातली गरम हवा त्या फटींतून वर चढते आणि पत्र्याखालच्या मोकळ्या जागेतून वारा तिला बाहेर घेऊन जातो. खिडक्यांतून त्या मानानं गार हवा आत येते. पंखा नाही, वीज लागत नाही.

माळवदाच्या एकाच थराला दोन कामं करावी लागत. पाऊस अडवायचा आणि ऊनही सोसायचं. उन्हात ते उत्तम होतं, पावसात बिचारं उघडं पडे. केरेंनी ही दोन कामं दोन छतांमध्ये वाटून दिली. पाण्याशी झुंज पत्र्याकडे, गारवा मातीकडे, आणि दोघांत भांडण होऊ नये म्हणून मध्ये हवा.

कैच्याही निरखून पाहाव्यात. जड तुळया गावापर्यंत आणणं आणि क्रेनशिवाय वर चढवणं शक्य नव्हतं. मग काँक्रीटमध्ये घालतात त्याच साध्या सळ्या कापून, जोडून कैच्या तयार केल्या. करवत आणि छोटं वेल्डिंग यंत्र चालवायला गावातली माणसं शिकली. छपराचा तो पिसासारखा हलकेपणा या अडचणीतून आला आहे.

मला सर्वांत जवळची वाटते ती जमीन. गांदोमध्ये मातीची जमीन बायका करतात. ओळीनं ओणव्या होऊन, हातातल्या लाकडी चोपण्यांनी, एका लयीत, तासन् तास, माती दगडासारखी घट्ट आणि तळहातासारखी गुळगुळीत होईपर्यंत. आपल्याकडे धुमस घालून, चोपून, वर शेणानं सारवलेली जमीन ज्यांच्या पायांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भिंत बदलली, छप्पर बदललं, पण हे बायकांचं काम केरेंनी जसंच्या तसं नव्या इमारतीत आणलं. पुढे शाळेच्या ग्रंथालयासाठी त्यांनी गावातल्या बायकांनी घडवलेली मडकी मागवली, त्यांची तोंडं आणि बुडं कापली आणि ती छतात बसवली. त्या गोल भोकांतून उजेड खाली उतरतो आणि गरम हवा वर जाते. रोजच्या पाण्याचं मडकं पुस्तकावर प्रकाश पाडतं, ही कल्पना मला कवितेच्या तोडीची वाटते.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवते. गांदोची जुनी घरं गोल, बुटकी, लहान दारांची. शाळा सरळ, चौकोनी. तीन वर्ग एका ओळीत आणि त्यांच्यामध्ये छपराखालच्या मोकळ्या पडव्या. परंपरेचा आकार कुठेही उचललेला नाही, शोभेसाठी गवताची एक काडीदेखील नाही. आपल्याकडे ‘ग्रामीण शैली’ म्हणून भिंतीवर वारली चित्रं आणि वर गवताचं छप्पर चढवलं जातं, त्याच्या हे नेमकं उलट. केरेंनी परंपरेकडून घेतली ती माती, हातांची सवय आणि सगळ्यांनी मिळून बांधायची रीत. मुलांनी दगड वाहिले, बायकांनी पाणी आणलं. अशा हातांनी उभी राहिलेली इमारत गावाला परकी वाटत नाही, तिचा आकार कितीही नवा असो.

मुलं वाढली आणि 2008 मध्ये शाळेचा विस्तार झाला. या वेळी वर्गांवर विटांचं कमानदार छत घातलं. मातीची कमान माणसांचं वजन पेलेल यावर गावाचा विश्वास बसेना. मग आधी नमुन्याची एक लहान कमान बांधली, खालचा आधार काढून घेतला, आणि सगळ्यांच्या देखत माणसांनी तिच्यावर चढून उड्या मारल्या.