पाच तारे आणि आप्तवाक्य



आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आणि ऑनलाईन मागवलेल्या तीनशे-चारशे रुपयांच्या वस्तू! पण मंडळी, आपल्या खानदेशात बाजार आणि तत्त्वज्ञान यांचं वाकडं कधीच नव्हतं. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, ती प्रताप शेठजी या गिरणीमालकाच्या आश्रयानं. तेव्हा बाजाराबद्दल बोलायचा थोडा हक्क आम्हालाही आहे.

आम्हाला वस्तूंपेक्षा त्यांच्याखाली लिहिलेल्या अभिप्रायांबद्दल बोलायचं आहे. पुस्तकाचं परीक्षण वाचणारे किती उरले देव जाणे; पण पॉवर बँकेचं परीक्षण वाचल्याशिवाय कोणी पैसे भरत नाही. म्हणजे समीक्षेचा हा आजचा सर्वांत चालता प्रकार. मग त्याचीही समीक्षा व्हायला नको का?

आधी आपल्या बाजाराकडे बघा. कापूस घेणारा व्यापारी वरवरचा कापूस बघून भाव सांगत नाही. गंजीत कोपरापर्यंत हात घालतो, आतली मूठ काढतो, ओल बघतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ताणून लांबी बघतो. हे प्रत्यक्ष प्रमाण. ऑनलाईन खरेदीत हात घालायला गंजीच नाही. तिथे आपण दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो. नैयायिक याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि त्यात कमीपणा काही मानत नाहीत. अट एकच: सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातलग नव्हे बरं का. ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू आहे. पदवी नको, कूळ नको. आपल्या गल्लीतला मोबाईल दुरुस्त करणारा पोरगाही आप्त असू शकतो.

आता ही कसोटी पाच ताऱ्यांना लावू.

पहिला प्रकार, न जाणता सांगणारा. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं. आपला फोन ५,०००चा. आपण हिशेब करतो, दोनदा भरेल. तो भरतो दीडएक वेळा. लगेच एक तारा, आणि खाली ‘फसवणूक’. पण तो आकडा आतल्या सेलचा आहे, साधारण ३.७ व्होल्टचा. गुणाकार केला की ३७ वॉट-तास होतात. बाहेर वीज ५ व्होल्टनं येते. त्या हिशेबानं ७,४०० उरतात, आणि व्होल्ट चढवताना काही उष्णतेत जाते. कित्येक कंपन्या बाहेर मिळणारा खरा आकडा बारीक अक्षरात छापतातही. म्हणजे इथे लिहिणारा प्रामाणिक आहे, पण जाणकार नाही. त्याच्या रागापायी खरं बोलणारी वस्तू बदनाम होते, आणि बिनदिक्कत ५०,००० छापणारी, खिशात मावणारी डबी पुढे सरकते.

दुसरा प्रकार, वेळेआधी सांगणारा. स्वस्तात ५१२ जीबीचं मेमरी कार्ड मिळतं. फोनमध्ये घाला, फोन ५१२च दाखवतो. फोटो जातात, दिसतात. पाच तारे! पण आत जागा ३२ जीबीचीच असली तर? कार्ड फोनला खोटं सांगत असतं आणि सगळ्याला ‘हो’ म्हणत असतं. ३२ भरेपर्यंत काही कळत नाही. त्यानंतरचे फोटो एक तर नाहीसे होतात, नाही तर जुन्यांवर लिहिले जातात. हे कळायला लग्नसराई उलटावी लागते. कार्ड पहिल्याच दिवशी काठोकाठ भरून, परत वाचून बघणारे प्रोग्राम फुकट मिळतात. पण तेवढा खटाटोप कोण करतो?

तिसऱ्याबद्दल थोडक्यात: विकत घेतलेली जीभ. खोक्यात चिठ्ठी निघते, पाच तारे द्या, इतके रुपये परत मिळवा. सरकारला याची कल्पना आहे. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. मात्र ते ऐच्छिक ठेवलं. लबाडी निदान ओळखता तरी येते. आम्हाला जास्त भीती प्रामाणिक माणसाची वाटते. का, ते सांगतो. त्यासाठी स्वतःचीच गोष्ट सांगावी लागेल.

२०२१ सालचा एप्रिल. करोनाची दुसरी लाट. औषधाच्या दुकानात ऑक्सिमीटर मिळेना. आम्ही ऑनलाईन दोन मागवले. एक घरात, एक शेजारच्या नानांना. दोन दिवसांत आले. सुबक खोकं, लाल आकडे, बोट घातलं की ९७. आम्ही त्याच रात्री अभिप्राय लिहिला, चार ओळींचा, शुद्ध मराठीत, आणि पाच तारे दिले. तेरा-चौदा दिवसांनी नाना आजारी पडले. यंत्र ९७ दाखवत होतं म्हणून ते घरीच थांबले. ‘सरांनी दिलेलं यंत्र आहे,’ असं येणाऱ्याला सांगत राहिले. शेवटी डॉक्टरांचा माणूस आला, त्यानं आपलं यंत्र लावलं. ८४. त्याच रात्री नानांना जळगावला हलवलं. सतरा दिवसांनी ते घरी आले. आले, हे आमचं नशीब.

मग आम्ही विचार केला. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात, त्यातला कोणता किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन काढतात, हे आम्हाला वाचून ठाऊक होतं. पण त्या यंत्रानं आमच्या घरात प्रत्येकाला, दर वेळी, ९७ नाही तर ९८च दिले होते. आम्ही सगळे धडधाकट होतो, म्हणून ते बरोबरच होतं! यंत्र खरं बोलतंय, की योगायोगानं खरं ठरतंय, हे निरोगी माणसाला कळायला मार्गच नव्हता. न्यायदर्शन सांगतं की ज्ञानाचं खरेपण ज्ञानाच्या आत बसलेलं नसतं; त्यावर विसंबून कृती केली आणि ती सफळ झाली, की मगच ते ठरतं. दुरून दिसलं ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावर कळतं. आम्ही तहान लागण्याआधीच ग्वाही देऊन मोकळे झालो होतो. खोटं बोललो नाही. पण आप्तही नव्हतो.

कोणी म्हणेल, सर, वैद्यकीय यंत्राचं ठीक आहे. तीनशेच्या इअरफोनसाठी कशाला एवढं? मंडळी, तीनशे रुपये म्हणजे दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईची जवळपास मजुरी. ती रक्कम ‘फेकून दे, दुसरा घे’ म्हणण्याइतकी लहान नाही. आणि हेही मान्य करू, की या वस्तूंनी आपलं भलंही केलं आहे. पूर्वी साध्या केबलसाठी भुसावळची गाडी धरावी लागे. नळाला पाणी रोज येत नाही अशा आपल्या गावात टाकी भरल्याचा इशारा देणारी आमची दीडशे रुपयांची भोंगी तीन वर्षं इमानानं ओरडते आहे. तिला मात्र आम्ही अजून एकही तारा दिलेला नाही! चांगली वस्तू मुकाट चालते आणि आपण तिला विसरतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. चार्जर, पॉवर बँक घेताना त्यावर मानक ब्यूरोचा ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक बघा, बीआयएस केअर ॲपवर तपासा. अभिप्राय वाचताना तारे मोजू नका, तारीख बघा. सहा महिन्यांनी परत येऊन लिहिणारा एक जण पहिल्या दिवशीच्या शंभरांहून मोलाचा. आणि स्वतः लिहाल तेव्हा काय तपासलं आणि काय तपासलं नाही, हे दोन्ही लिहा. ‘मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या खोलीत वापरला, फुगला नाही’ हे वाक्य बंगळुरूच्या वातानुकूलित खोलीतून कोणी लिहू शकणार नाही. ते बोदवडच्या माणसानंच लिहायचं आहे.

नाना घरी आल्यावर आम्ही तो जुना अभिप्राय बदलायला गेलो. त्याच्याखाली लिहिलं होतं: ४१ जणांना हा अभिप्राय उपयुक्त वाटला. ते ४१ कोण, त्यांच्या घरी पुढे काय झालं, आम्हाला कधीच कळणार नाही. पाचाचा एक तारा केला, खरं काय घडलं ते लिहिलं. पण तोवर ते वाचून गेलेले होते.